बातमी आणि बाजू : धाराशिव जिल्ह्यांतील वृत्तपत्रवाचनाचा इतिहास

मनुष्य वर्तमानपत्र वाचून आपलें मत बनवितो, कीं आधीं मत बनवून मग त्याला साजेल तें वर्तमानपत्र हातांत घेतो, हा प्रश्न छापखान्याइतकाच जुना आहे. आज मोबाईल फोनवर बोटाच्या एका स्पर्शानें शेंकडों बातम्या समोर येतात, आणि त्यांतून वाचक आपल्या पक्षाला व आपल्या पुढाऱ्याला अनुकूल अशाच बातम्या उघडतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते. ती तक्रार खोटी नाहीं. परंतु हा रोग इंटरनेटनेंच निर्माण केला असें समजणें मात्र चुकीचें होईल. महाराष्ट्रांत या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा असेल, तर पुण्या-मुंबईपेक्षांहि धाराशिव जिल्ह्याकडे पाहणें अधिक बोधप्रद आहे. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नांवावरून त्याला उस्मानाबाद म्हणत. त्याला लागूनच सोलापूर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख. हद्दीच्या अलीकडे एक बातमी आणि पलीकडे तिच्या उलट दुसरी, असा अनुभव येथील लोकांनीं वर्षानुवर्षें घेतला.

पुण्या-मुंबईकडील वाचकाला बाजू निवडण्याची संवय लवकर लागली होती. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' 1832 मध्यें निघालें, तेव्हां मराठी वाचणाऱ्यापुढें निवड अशी नव्हतीच. पुढें 1877 मध्यें कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढलें, 1881 मध्यें 'केसरी' निघाला, आणि 'केसरी' सोडल्यावर आगरकरांनीं 1888 मध्यें 'सुधारक' सुरू केला. संमतिवयाचा कायदा 1891 मध्यें झाला. त्यावरून जो वाद माजला, त्यांत घडलेली गोष्ट एकच असे, पण तिचा मथळा, तिची मांडणी आणि तिला लावलेलीं विशेषणें निराळीं असत. 1920 मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 'मूकनायक' काढला, तेव्हां पहिल्याच अंकांत त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, बहुतेक पत्रें विशिष्ट जातींचें हित पाहणारीं आहेत आणि इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नाहीं. म्हणजे वाचक आपलें पत्र निवडतो हें जितकें खरें, तितकेंच पत्रहि आपला वाचक निवडतें हें खरें आहे.

निजामाच्या राज्यांतील वाचकाची स्थिति याहून वेगळी होती. निवड करण्यापूर्वीं पत्र हातीं येणें हेंच त्याला कठीण. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 मध्यें स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच. 1941 च्या खानेसुमारीच्या वेळीं संस्थानांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा दहाहूनहि कमी होतें. सभा भरवावयाची तर पूर्वपरवानगी मागणारी 'गश्ती निशाण 53' आड येई, आणि पत्र काढावयाचें तर सरकारची मर्जी सांभाळावी लागे. हैदराबाद शहरांतून लक्ष्मणराव फाटक यांनीं सुरू केलेलें 'निजाम-विजय' हें मराठी पत्र अशा परिस्थितींत टिकून राहिलें. मराठी पत्राला तेथें कोणत्या छायेखालीं जगावें लागे, याची कल्पना त्याच्या नांवावरूनहि येते. उर्दूंत 'रहबर-ए-दक्कन' हें दैनिक वजनदार होतें, आणि त्याचा कल राज्यकर्त्यांकडे व मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनकडे असे. परंतु त्याच उर्दूंत मंदुमुल नरसिंगराव यांचें 'रय्यत' हें राष्ट्रीय मताचें पत्र निघे, आणि काझी अब्दुल गफ्फार यांचें 'पयाम'हि निघे. तेव्हां उर्दू वाचणारा तो निजामाच्या बाजूचा, असें सरसकट समीकरण मांडतां येत नाहीं. लिपि आणि मत यांची गांठ पुष्कळ वेळां पडे, परंतु ती नेहमींच पडे असें नाहीं.

उस्मानाबाद जिल्ह्यांत या स्थितीला भूगोलाची जोड मिळाली होती. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी कुर्डुवाडीहून निघून बार्शीवरून येडशी, तडवळें, ढोकी या बाजूनें जिल्ह्यांत शिरे आणि लातुरास पोंचे. हा मार्ग 1911 पर्यंत पुरा झाला होता. आणि लातूर तेव्हां, किंबहुना 1982 पर्यंत, याच जिल्ह्यांत मोडत असे. बाजारासाठीं, यात्रेसाठीं, शिक्षणासाठीं आणि सोयरिकीसाठीं माणसें ही हद्द ओलांडीत. तुळजापूरची भवानी संस्थानांत, तर तिचे भक्त हद्दीच्या दोन्ही बाजूंना. अशा ठिकाणीं पत्रावर बंदी घालणें सोपें, पण ती पाळून घेणें कठीण. शिवाय जेथें वाचतां येणारीं माणसें थोडीं, तेथें एक अंक एका घराचा राहत नाहीं. जाणत्यानें वाचावें आणि भोंवतालच्यांनीं ऐकावें, असाच तेथील वाचनाचा रिवाज असणार. अर्थात् कोणतें पत्र ऐकावयाचें याची निवड ऐकणारा करीत नसे. ती वाचणारा करी.

जिल्ह्यांतील हिप्परगा या गांवीं 1921 मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें हैदराबादच्या लढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ या शाळेंत शिक्षक होते. सरकारी शिक्षणाहून निराळें असें शिक्षण संस्थानांतील एका लहान गांवांत मिळूं लागलें, तेव्हां निराळी बातमी मागणारा वाचकहि तेथें तयार होऊं लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. 1938 मध्यें हा वाचक एकदम राजकारणाच्या मध्यभागीं आला. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर उभी राहण्यापूर्वींच, बंदी घालण्यांत आली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला. आणि डिसेंबरांत सोलापुरास आर्य परिषद भरून आर्य समाजाच्या सत्याग्रहाची सिद्धता झाली. जें उस्मानाबादेंत बोलतां येत नव्हतें, तें सोलापुरांत उघडपणें बोललें व छापलें जाऊं लागलें.

त्याच वर्षीं आ. कृ. वाघमारे यांनीं 'मराठवाडा' हें साप्ताहिक काढलें. संस्थानी सरकारनें त्यावर बंदी घातली. बंदी नांवावर असे. म्हणून पत्र दुसरें नांव घेऊन हद्दीबाहेरून निघे, आणि त्याहि नांवावर बंदी आली कीं पुन्हां नवें नांव धारण करी. वाचनाच्या इतिहासांत ही गोष्ट महत्त्वाची आहे. एरवीं वाचक नांव पाहून पत्र उचलतो. येथें नांव बदललें तरी वाचक तोच राहिला. त्यानें ओळखली ती पत्राची बाजू. शिवाय ही निवड फुकटची नव्हती. बंदी असलेला अंक जवळ बाळगणें म्हणजे पोलिसांचा ससेमिरा ओढवून घेणें. ज्याला राजकीय कल नव्हता, त्यानें हा धोका कशासाठीं पत्करावा? तेव्हां मनाचा कल हा नेहमीं सत्यापासून दूरच नेतो असें नाहीं. सरकार जें झांकून ठेवी, तें शोधून काढण्याची जिद्द याच कलानें वाचकाला दिली. पक्षपाती वाचनाची निंदा करतांना ही त्याची दुसरी बाजू विसरणें अन्यायाचें होईल.

याच सुमारास, 1940 मध्यें, अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या ईरी परगण्यांत पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला. अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं सुमारें 600 मतदारांच्या त्यांनीं कांहीं महिने पुनःपुन्हां मुलाखती घेतल्या, आणि 1944 मध्यें निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ज्यांचें मत आरंभापासून ठाम होतें, अशांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश लोक विरुद्ध पक्षापेक्षां आपल्याच पक्षाचा प्रचार अधिक वाचीत व ऐकत, असें त्यांना आढळलें. दुसरा निष्कर्ष असा कीं, पुष्कळांपर्यंत राजकीय विचार पत्रांतून किंवा नभोवाणीवरून थेट पोंचत नाहींत. भोंवतालचा एखादा जाणता मनुष्य ते ग्रहण करतो आणि इतरांना सांगतो. तेथें पत्रांवर बंदी नव्हती, नभोवाणी घरोघर होती आणि लोक साक्षर होते; तरीहि गोष्ट तीच घडली. यावरून दोन कारणें निराळीं करतां येतात. उस्मानाबादच्या वाचकाला एकच बाजू दिसे, याचें कारण पुष्कळ अंशीं सरकार होतें; ईरी परगण्याच्या वाचकाला ती दिसे, याचें कारण तो स्वतः होता. बंदी उठविली म्हणजे दुसरी बाजू आपोआप वाचली जाते, हा समज म्हणूनच खरा ठरत नाहीं.

उस्मानाबाद जिल्ह्यांत केवळ दोनच बाजू होत्या असेंहि मानतां येत नाहीं. फेब्रुवारी 1941 मध्यें कसबे तडवळें येथें महार-मांग परिषद भरली आणि तिला डॉ. आंबेडकर उपस्थित होते. 1930 पासून त्यांचें 'जनता' पत्र निघत होतें. परिषदेला जमलेल्या माणसांच्या वेठीचे, वतनाचे आणि पाणवठ्याचे प्रश्न निजामाच्या बाजूच्या पत्रांना फारसे दिसत नव्हते, आणि निजामाशीं लढणाऱ्या पत्रांनाहि ते दुय्यम वाटत. दोन पक्ष एकमेकांच्या बातम्या वगळतात हें लवकर ध्यानांत येतें. परंतु दोघेहि मिळून तिसऱ्याची बातमी वगळतात, तें मात्र त्या तिसऱ्यावांचून कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

1947 नंतर बातमी हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला. निजामानें भारतांत सामील होण्याचें नाकारलें. 29 नोव्हेंबर 1947 रोजीं जैसे-थे करार झाला. रझाकारांचे प्रमुख कासीम रझवी हे लातूरचे वकील, म्हणजे याच जिल्ह्यांतले. रझाकारांनीं गांवें लुटलीं, जाळलीं आणि माणसें मारलीं, त्याच्या बातम्या हद्दीपलीकडील मराठी पत्रांतून येत. हद्दीच्या त्या बाजूस स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. त्यांतील तरुण संस्थानी ठाण्यांवर व नाक्यांवर हल्ले करीत. मराठी लेखनांत या छावण्या स्वातंत्र्यलढ्याचीं केंद्रें म्हणून गौरविल्या गेल्या आहेत. 1948 मध्यें उस्मानाबादचे कलेक्टर असलेले मोहम्मद हैदर यांच्या इंग्रजी आठवणी 2012 मध्यें प्रसिद्ध झाल्या. त्यांत त्याच छावण्या सीमेवरील गांवांवर धाडी घालणाऱ्यांचे अड्डे म्हणून दिसतात. एकाच मुलुखाचीं, एकाच वर्षाचीं हीं दोन चित्रें आहेत. रझाकारांचे अत्याचार कल्पित नव्हते. आणि धाडींनीं सामान्य माणसांत भय पसरलें, हेंहि कल्पित नव्हे. परंतु त्या काळच्या बहुतेक वाचकांपुढें यांपैकीं एकच अर्धें येई, आणि तेवढेंच त्याला पूर्ण वाटे.

दोन्ही अर्धीं एकत्र पाहण्याचा आग्रह धरणारास काय किंमत द्यावी लागे, हें शोएबुल्ला खान यांच्या उदाहरणावरून दिसून येतें. ते 'रय्यत' पत्रांत काम करीत. तें पत्र बंद पाडलें गेल्यावर त्यांनीं 'इमरोज' हें उर्दू दैनिक काढलें, आणि हैदराबादनें भारतांत सामील व्हावें असें त्यांतून निर्भयपणें लिहिलें. 21 ऑगस्ट 1948 च्या रात्रीं हैदराबादेंत त्यांचा खून झाला. त्यांनीं जें लिहिलें, तें हद्दीपलीकडील मराठी पत्रांत रोज छापून येत होतें. तेथें तें लिहिण्यास धैर्य लागत नव्हतें. शोएबुल्ला खानांनीं तें उर्दूंत, ज्यांना तें रुचणार नव्हतें त्यांच्या वाचनांत येईल अशा ठिकाणीं लिहिलें. वाचकाच्या कलाविरुद्ध लिहिणारा संपादक आणि त्याच्या कलाला अनुसरून लिहिणारा संपादक, यांतला भेद या एका मृत्यूनें स्पष्ट केला.

13 सप्टेंबर 1948 रोजीं भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या मार्गानें संस्थानांत शिरलें. त्या दिवसांत ज्याच्याजवळ रेडिओ होता, त्याला सुई कोठें लावावयाची हें ठरवावें लागे. दिल्ली-मुंबईवर एक वृत्तांत, हैदराबादच्या दक्कन रेडिओवर दुसरा. 17 सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली, आणि एक वृत्तांत खरा व दुसरा फोल ठरला. मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस आजहि मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि तो तसा पाळला जाणें योग्यच आहे.

परंतु बातमीचा इतिहास त्या दिवशीं संपला नाहीं. त्याचा सर्वांत कठीण भाग तेथून पुढें आहे. पोलीस कारवाईच्या वेळीं आणि तिच्या नंतर मुसलमान वस्तीवर अनेक ठिकाणीं कत्तल, लूट आणि जाळपोळ ओढवली. पंतप्रधान नेहरूंच्या वतीनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनीं 1948 च्या अखेरीस संस्थानांत फिरून चौकशी केली. सर्वांत अधिक हानि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली, असें त्यांना आढळलें. या चार जिल्ह्यांत मेलेल्यांची संख्या 18,000 च्या खालीं नसावी, आणि सगळ्या संस्थानांत ती 27,000 ते 40,000 असावी, असा त्यांचा अंदाज होता. सरदार पटेलांनीं या समितीवर आक्षेप घेतले. सरकारनें अहवाल प्रसिद्ध केला नाहीं; तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत सामान्य अभ्यासकांना पाहावयास मिळूं लागला तो 2013 च्या सुमारास, म्हणजे पांसष्ट वर्षांनीं.

अहवाल दडविला गेला, हें एक कारण झालें. परंतु उस्मानाबाद जिल्ह्यांत जें घडलें, तें तेथील लोकांपासून कोणत्या सरकारला दडवितां येणार होतें? जळालेलीं घरें समोर होतीं आणि ओस पडलेल्या वस्त्या समोर होत्या. तरीहि मराठी पत्रें आणि पुस्तकें यांतून 1948 च्या इतिहासाचीं जितकीं पानें रझाकारांच्या अत्याचारांना मिळालीं, त्यांच्या मानानें या कत्तलींच्या वांट्याला फारच थोडीं आलीं. पूर्वीं सत्य शोधण्यासाठीं ज्या वाचकानें बंदी झुगारली, त्याच वाचकवर्गाला आतां एक सत्य नकोसें झालें. त्याच्या पत्रानें त्याला खोटें सांगितलें नाहीं. त्यानें विचारलें नाहीं, म्हणून पत्रानें सांगितलें नाहीं. खोट्या बातमीचा प्रतिवाद तरी करतां येतो. जी बातमी मागितलीच जात नाहीं, तिचा अभाव कोणाला जाणवतहि नाहीं. आणि ज्यांचीं माणसें मेलीं, त्यांच्या घरांत ती आठवण छापील कागदावांचून राहिली.

आतां आजच्या स्थितीकडे वळल्यास हा जुना इतिहास किती जवळचा आहे हें दिसेल. 2009 मध्यें अमेरिकेंतील शांतो अय्यंगार आणि क्यू हान यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं लोकांपुढें बातम्यांचे मथळे ठेवले आणि त्यांवर निरनिराळ्या वृत्तसंस्थांचीं चिन्हें वाटेल तशीं लावलीं. रिपब्लिकन पक्षाच्या लोकांनीं फॉक्स न्यूजचें चिन्ह असलेली बातमी अधिक निवडली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांनीं ती टाळली; बातमी मात्र तीच होती. प्रवास आणि खेळ यांसारख्या निरुपद्रवी विषयांतहि हा कल कांहीं अंशीं दिसून आला. 2015 मध्यें फेसबुकच्या संशोधकांनीं अमेरिकेंतील सुमारें एक कोटी सभासदांची माहिती तपासून असें मांडलें कीं, विरुद्ध मताची बातमी कमी दिसण्यास यंत्राच्या क्रमवारीपेक्षां माणसाचें मित्रमंडळ आणि त्याची स्वतःची निवड हीं अधिक कारण होतात. संशोधक त्याच कंपनीचे होते हें ध्यानांत ठेवूनहि, ईरी परगण्यांतील 1940 च्या निष्कर्षाशीं याचें साम्य नजरेआड करतां येत नाहीं.

जिल्ह्याच्या नांवाचेंच उदाहरण घ्यावें. 2023 मध्यें उस्मानाबादचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें, आणि मे 2024 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तें कायम राखलें. परंतु कोणाच्या तोंडीं कोणतें नांव येतें, यावरून त्याचें राजकीय मत ताडण्याची प्रवृत्ति कांहीं लगेच गेली नाहीं. मोबाईलवर एक नांव लिहून शोध करणारापुढें आणि दुसरें नांव लिहिणारापुढें सारख्याच बातम्या याव्यात, अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. एकाच गांवचे दोन शेजारी, पाणीटंचाई तीच, सोयाबीनचा भाव तोच, आणि तरी दोघांच्या हातांतील जिल्हा मात्र वेगळा, असें यामुळें होऊं शकतें.

जुन्या आणि नव्या वाचकांत एक मोठा भेद मात्र आहे, आणि तो किंमतीचा आहे. 1938 च्या वाचकाला दुसरी बाजू मिळविण्यासाठीं बंदी चुकवावी लागे, हद्द ओलांडावी लागे, प्रसंगीं तुरुंग सोसावा लागे. आजच्या वाचकाला ती उघडण्यास कांहींच लागत नाहीं. अडचण होती तेव्हां ती सरकारची आहे हें उघड दिसे, आणि म्हणून तिच्याशीं झगडतां येई. आजची अडचण वाचकाच्या स्वतःच्या आवडीची आहे. ती अडचण आहे असें त्याला वाटतच नाहीं, म्हणून तो तिच्याशीं झगडतहि नाहीं.

सुंदरलाल समितीच्या अहवालांत एक नोंद आहे. अनेक ठिकाणीं हिंदूंनीं जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वांचविलें. विशेषतः एकाच धंद्यांतील लोकांत हा बंधुभाव अधिक दिसला. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं मुसलमान विणकरांचें रक्षण केलें, आणि तें करतांना स्वतःचे प्राणहि गमावले. त्या दिवसांत दोन्ही बाजूंचीं पत्रें, पत्रकें आणि नभोवाणी शेजाऱ्याविषयीं एकमेकांना काय सांगत होतीं हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु शेजारचा माणूस कसा आहे, हें या विणकरांना रोजच्या व्यवहारावरून, सुताच्या देण्याघेण्यावरून आणि मागावरच्या कामावरून माहीत होतें. ज्या ज्ञानावर त्यांनीं त्या दिवशीं विश्वास ठेवला, तें कोणत्याहि पत्रांत छापलेलें नव्हतें. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासांत त्या विणकरांचीं नांवें नोंदलेलीं नाहींत. पुढें 17 सप्टेंबरला जो इतिहास सांगितला जाईल, त्यांत रझाकारांच्या अत्याचारांबरोबर जळालेल्या वस्त्यांचा आणि या विणकरांचाहि उल्लेख असावा, अशी अपेक्षा वाचकानें आपल्याच बाजूच्या पत्राकडून करावयास हवी. कारण विरुद्ध बाजूच्या पत्रानें तें कितीहि लिहिलें, तरी तो तें वाचणार नाहीं.